सुगीवर फिटणारं खातं: एका कृषी केंद्रवाल्या वाचकाची दोन वर्षं

हे प्रकरण माझ्या घरातलंच आहे. माझे धाकटे दीर, वय 46, परभणी जिल्ह्यातल्या सेलूत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रोडला त्यांचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, औषधं, थोडंफार ठिबकचं सामान. मी इथल्याच सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल, देवघेवीच्या काउंटरवर 17 वर्षं झाली. आम्ही एकाच घरात वर-खाली राहतो, त्यामुळं भाऊजींचा वाचनाचा संकल्प कसा सुरू झाला, कसा मोडला आणि दुसऱ्या वर्षी कसा उभा राहिला हे सगळं मी जवळून बघितलंय. लिहू का म्हणून त्यांना विचारलं, ते म्हणाले लिहा वहिनी, फक्त नाव नका टाकू, गिऱ्हाईक चिडवतील. म्हणून नाव नाही.

लिहायचं कारण असं की दर जानेवारीत आमच्याकडं नवीन सभासद येतात, अनामत भरतात, उत्साहानं तीन पुस्तकं नेतात आणि मार्चनंतर दिसत नाहीत. मागच्या वर्षी सरकारचा 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडाही झाला, 1 ते 15 जानेवारी 2025, आम्हीही भाग घेतला, लोकांनी कागदावर संकल्प लिहून दिले. कागद अजून कपाटात आहेत. मला त्या लोकांचा राग येत नाही, कळकळ वाटते, कारण आळशी म्हणावं असं त्यात कोणी नसतं. संकल्प करतानाच काहीतरी चुकतं, आणि भाऊजींच्या बाबतीत नेमकं काय चुकलं ते आम्हाला शोधता आलं.

आबांची पेटी

मुळात विषय निघाला आबांच्या पेटीवरनं. आबा म्हणजे माझे सासरे, 2019 ला गेले. जन्म 1938 चा, मराठवाडा मुक्त झाला 17 सप्टेंबर 1948 ला तेव्हा 10 वर्षांचे. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, त्यामुळं आबांच्या थोरल्या भावाच्या पिढीला मराठी पुस्तक हातात पडणं हीच मोठी गोष्ट होती आणि ते आबांच्या मनावर फार ठसलेलं होतं. कापूस विकल्याची पट्टी हातात आली की घरचं सामान, बी-बियाणं, पोरांचे कपडे आणि एक पुस्तक, असा त्यांचा हिशोब. नरहर कुरुंदकर गुरुजींचं व्याख्यान कुठं आहे कळलं की परभणी काय नांदेड काय, निघायचे. गुरुजी मूळ आपल्याच बाजूचे, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे, हिंगोली जिल्हा 1999 ला वेगळा झाला, तोवर ते परभणी जिल्ह्यातच होतं. त्यामुळं आबा त्यांना आमचे गुरुजी म्हणायचे.

तर आबा गेले आणि मागं लोखंडी पेटी राहिली, तिच्यात 31 पुस्तकं. दासबोध, ज्ञानेश्वरी, कुरुंदकरांचे निबंध, बी. रघुनाथांच्या कथा, दोन जाडजूड इतिहासाची, शेतीवरची काही. मी वाचनालयातली असल्यामुळं पेटी उघडून ऊन दाखवणं, कडुलिंबाचा पाला टाकणं हे माझ्याकडं आलं. भाऊजी प्रत्येक वेळी शेजारी येऊन बसायचे, एखादं पुस्तक उचलायचे, समासात आबांची पेन्सिलची खूण दिसली की तिथंच थांबायचे. आबांना सवय होती, पटलेल्या वाक्याशेजारी बारीक उभी रेघ, शंका असली की एकच शब्द, "खरं?".

एकदा म्हणाले, "वहिनी, आबांनी हे सगळं वाचलं, आणि मी बीकॉम होऊन एक नाही वाचलं." ते वाक्य मी ध्यानात ठेवलं, कारण खरा संकल्प तोच होता. पण पुढं झालं वेगळंच.

2024: आकडा 52

डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी मोबाईलवर कुठंतरी बघितलं की आठवड्याला एक पुस्तक वाचायचं, वर्षाला 52. खाली आले आणि म्हणाले, "औंदा 52 वाचायची ठरवलंय बघा." मीही कौतुक केलं, आज वाटतं तेव्हाच वही-पेन्सिल घेऊन बसायला पाहिजे होतं. 52 पुस्तकं, सरासरी 200 पानांचं एक धरलं तरी 10,400 पानं, म्हणजे रोज 28-29 पानं, एकही दिवस न चुकता, लग्नात, पेरणीत, आजारपणात, सगळ्यात.

जानेवारीत 5 झाली. फेब्रुवारीत 4. मार्चला 3, कारण मार्चएंडचा स्टॉक आणि जीएसटीचं काम. एप्रिलमध्ये 2. मे महिन्याच्या मध्यापासून बियाण्याच्या गाड्या उतरायला लागल्या, जूनला मृग निघाला, बीटीची पाकिटं, सोयाबीनच्या बॅगा, डीएपी खताला रांग, सकाळी सातला शटर वर आणि रात्री दहाला खाली. पुस्तक बंद पडलं ते डिसेंबरपर्यंत उघडलंच नाही. वर्षाचा हिशोब 52 पैकी 14.

नोव्हेंबरच्या शेवटी मी त्यांचं सभासद खातं काढून बघितलं. 14 पैकी 11 पुस्तकं आमच्याकडूनच नेलेली होती आणि ती सगळी 130 पानांच्या आतली. व्यक्तिमत्त्व विकासाची छोटी पुस्तकं, विचारांचे संग्रह, मोठ्या अक्षरातली चरित्रं. सगळी मिळून 1,680 पानं भरली. पेटीतलं? त्यांनी जानेवारीत मोठ्या हौसेनं इतिहासाचं जाड पुस्तक काढलं होतं, त्यात 38 व्या पानावर घडी होती. आठवडा संपत आला आणि पुस्तक संपेना म्हणून ते बाजूला ठेवलं आणि आकडा चुकू नये म्हणून बारीक पुस्तक आणलं, मग पुढच्या आठवड्यात परत बारीक, असं करत करत ज्या पेटीसाठी हे सगळं सुरू केलं होतं ती पेटीच मागं पडली. आकडा पुस्तकांचा धरला की हात आपोआप बारीक पुस्तकाकडं जातो, हे मी काउंटरवर कित्येक जणांच्या बाबतीत बघितलंय, पण घरातल्या माणसाचं खातं समोर ठेवल्यावर जास्त टोचलं.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "माझ्यात ती चिकाटीच नाही वहिनी, आबांत होती." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. जो माणूस जूनमध्ये पंधरा तास दुकानात उभा राहतो त्याच्यात चिकाटी नाही कसं म्हणायचं?

आधी डोळे

डिसेंबर 2024 मध्ये आम्ही दोघं तीन-चार वेळा बसलो. पहिली गोष्ट जी निघाली ती मला आधी कधी सुचलीच नव्हती. मी म्हणलं, माझ्यासमोर वाचून दाखवा, बघू किती वेळ लागतो. कुरुंदकरांचा एक निबंध दिला, आबांची जुनी प्रत, बारीक टाईप, पिवळा कागद. भाऊजींनी पुस्तक हात लांब करून धरलं. पाचव्या पानाला कपाळ चोळायला लागले, सहाव्याला म्हणाले झोप यायली.

मी विचारलं नंबर कधी तपासला? कधीच नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर दुकानातला पोरगा वाचून सांगतो म्हणे. दुसऱ्या दिवशी तपासून आले, जवळचा दीड नंबर निघाला. साधी चाळिशी. वर्षभर जो माणूस स्वतःला म्हणत होता की मला वाचनाची आवड नाही, चार पानांत झोप येते, त्याला चष्मा पाहिजे होता. मोबाईलवरची अक्षरं मोठी करता येतात, जुन्या पुस्तकातली करता येत नाहीत, त्यामुळं मोबाईल बघताना काही त्रास नाही आणि पुस्तकाला मात्र डोकं दुखतं असं व्हायचं, आणि माणूस दोष आवडीला द्यायचा. तेव्हापासून चाळिशीच्या पुढचा कोणी सभासद वाचन होत नाही म्हणाला की मी आधी डोळ्यांचं विचारते.

चष्मा आल्यावर परत वेळ मोजली. हलक्या कथेचं एक पान साधारण दोन मिनिटं. निबंधाचं पान चार मिनिटं, कारण मधी थांबून विचार करावा लागतो, आबांची खूण असली तर जास्तच. म्हणजे रोज 28 पानं म्हणजे हलकं असलं तर तासभर, जड असलं तर दोन तास. कृषी केंद्रवाल्याला रोज दोन तास, बाराही महिने. हे गणित 2023 च्या डिसेंबरात केलं असतं तर 52 चा आकडा तिथंच गळाला असता.

उधारीची गोष्ट

यातून पुढं काय करायचं ते मला काही सुचत नव्हतं आणि जे सुचलं ते भाऊजींनाच, त्यांच्या धंद्यातून. आम्ही दुकानात बसलो होतो, वसुलीचे दिवस, सोयाबीन विकून लोक उधारी द्यायला येत होते. एक म्हातारे गृहस्थ आले, फडक्यातनं पैसे काढले, मोजून दिले, खातं बंद करून घेतलं आणि गेले. मी सहज म्हणलं, जूनपासूनचे पैसे, पाच महिने तुम्ही त्यांना मागितले नाहीत? भाऊजी म्हणाले, "जून-जुलैत कुणाकडं मागता का पैसे? तेव्हा त्याचंच घालायचं असतं. तो सुगीवर देतो, आपणबी सुगीवरच मागायचं." आणि बोलता बोलता तेच थांबले. म्हणाले, "मग मी मलाच दर आठवड्याला हप्ता कसा काय मागत होतो?"

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथं थांबून सांगते. आठवड्याला एक पुस्तक, महिन्याला चार, हे सगळे हप्ते महिन्याच्या महिन्याला पगार होणाऱ्या माणसाचे आहेत. आपल्याकडं निम्म्या लोकांचं वर्ष तसं चालत नाही. शेतकऱ्याचं चालत नाही, मोंढ्यातल्या अडत्याचं चालत नाही, ऊसतोडीला जाणाऱ्याचं तर अजिबातच नाही, दिवाळीच्या आसपास घर सोडायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. मास्तरांचंही परीक्षा, पेपर तपासणी, शिवाय मधून मधून निवडणुकीची कामं. प्रत्येकाच्या वर्षाला स्वतःची सुगी आणि स्वतःचा भर असतो, आणि वाचनाचा संकल्प त्याच्यावर बसवला नाही तर पहिल्याच पावसात वाहून जातो.

आणि खरं बघितलं तर आपल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं. श्रावणात देवळात पोथी लावतात, पेरण्या उरकलेल्या असतात, निंदणी-फवारणी चालू असते पण संध्याकाळ मोकळी मिळते. अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं, 18 अध्याय सात दिवसांत, आणि जो माणूस एरवी म्हणतो मला वेळ नाही तोच सकाळी आंघोळ करून दोन-तीन तास मांडी घालून बसतो. कारण जागा ठरलेली, वेळ ठरलेली, शेजारी दहा जण बसलेले आणि कधी संपणार ते माहीत. दासबोधाची रचनाच बघा, 20 दशक, दशकाला 10 समास, म्हणजे 200 समास, रोज एक धरला तरी सहा-सात महिन्यांत पुरा होतो आणि मधले दिवस चुकले तरी वर्षात बसतो. समर्थ आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे, त्यांना इथल्या माणसाचा दिवस ठाऊक होता असं मला आपलं वाटतं.

2025 ची वही

भाऊजींनी दुकानातली एक कोरी खातेवही घेतली. पहिल्या पानावर वर "आबांची पेटी" असं खातेदाराचं नाव घातलं. पेटीतली 31 पुस्तकं एका वर्षात होणार नाहीत हे दोघांनाही मान्य होतं, म्हणून आम्ही बसून 9 काढली. मी त्यात थोडी ढवळाढवळ केली, सगळी जड नकोत, दोन कथांची घ्या, एक शेतीचं घ्या आणि ते अर्धवट राहिलेलं इतिहासाचं घ्याच. नऊची पानं मोजली, 2,340 भरली. ती खात्याच्या 'नावे' बाजूला, म्हणजे येणं म्हणून, लिहिली. रोज वाचलेली पानं जमा बाजूला.

मग वर्षाचे तुकडे पाडले. 1 जानेवारी ते 15 मे हा मोकळा काळ, 135 दिवस, रोज 12 पानं, म्हणजे 1,620. 16 मे ते 31 जुलै, 77 दिवस, शून्य. यावर आमचा वाद झाला, मी म्हणलं निदान दोन पानं ठेवा, सवय तुटते. ते म्हणाले, "नाही वहिनी, शून्य म्हणजे शून्य, दोन ठेवली की ती चुकतील, आणि चुकली की मी परत सगळंच सोडीन." त्यांचं बरोबर होतं, मी माझा हट्ट सोडला. ऑगस्ट-सप्टेंबर फवारणीचा काळ, रोज 5 पानं, 61 दिवसांत 305. ऑक्टोबर-नोव्हेंबर हरभरा-गव्हाचं बियाणं आणि वसुली, रोज 3, म्हणजे 183. डिसेंबर परत 10, म्हणजे 310. बेरीज 2,418. गरजेपेक्षा 78 पानं जास्त, ती लग्नसराईला सोडून दिली.

आणि एक नियम माझा. एखादं पुस्तक 40 पानं वाचून नाही पटलं तर बंद करायचं आणि राहिलेली पानं बुडीत खात्यात टाकायची, लाज न बाळगता. उधारी बुडते म्हणून कोणी दुकान बंद करत नाही.

वेळेचंही बदललं. आधी ते रात्री जेवल्यावर अंथरुणावर वाचायचे, दिवसभर उभं राहिलेला माणूस, पाठ टेकली की संपलं. आता दुपार धरली. फेब्रुवारीनंतर दुपारी दोन ते चार मोंढ्यात चिटपाखरू नसतं, एप्रिलमध्ये तर परभणी भागात पारा चाळिशीच्या वर, रस्त्यावर कोणी येत नाही. पुस्तक गल्ल्यात, बिलबुकाशेजारी. चष्माही तिथंच, एक दुकानात आणि एक घरी, दोन केले.

मार्चमधली एक दुपार माझ्यासमोर घडली, मी डबा द्यायला गेले होते. एक शेतकरी ठिबकचा जॉइनर घ्यायला आला, उन्हातनं आलेला, पाणी प्यायला आणि पंख्याखाली बाकड्यावर बसला. "काय वाचायलाव शेठ?" भाऊजींनी सांगितलं, बी. रघुनाथांच्या कथा, परभणीत कारकुनी करायचे, चाळिशीतच गेले, 1953 ला. तो म्हणाला वाचा की मोठ्यानं. भाऊजींनी चार पानं वाचली, आधी लाजत, मग नीट, थांबे घेत. तो माणूस डोळे मिटून ऐकत होता. शेवटी उठला, जॉइनर खिशात घातला आणि म्हणाला, "पुढलं सोमवारी." आणि खरंच सोमवारी आला, सोबत अजून एक जण घेऊन. पाच-सहा सोमवार हे चाललं, मग लगीनसराई सुरू झाली. ती पानं भाऊजींनी वहीत वेगळ्या रकान्यात लिहिली, "मोठ्यानं". मला विचाराल तर वर्षभरातलं सगळ्यात चांगलं वाचन ते होतं, आणि आम्ही केलेल्या योजनेत ते कुठंच नव्हतं.

हिशोब

15 मेपर्यंत 1,620 पैकी 1,488 जमा. मार्चएंड आणि लग्नं यात राहिलेलं. पेरणीच्या काळात शून्य ठरलं होतं तरी 96 पानं झाली, पाऊस ओढ देतो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नसतं आणि माणूस आभाळाकडं बघत बसतो, तेव्हा वाचलेली. ऑगस्टपासून 20 सप्टेंबरपर्यंत 190.

त्याच्या पुढं सप्टेंबरच्या शेवटी जो पाऊस झाला तो मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, शेंगांना जागेवर कोंब, कुणाची जमीनच खरडून गेली. भाऊजींची उधारी अडकली हे खरं, पण त्यांना त्याच्यापेक्षा जास्त त्रास झाला तो लोकांचे चेहरे बघून. दुकानात लोक काही घ्यायला यायचे नाहीत, नुसते बसायला यायचे. ऑक्टोबर पूर्ण वहीत कोरा आहे. एकही पान नाही. नोव्हेंबरला 40.

2024 असतं तर इथंच सगळं संपलं असतं, हे मी खात्रीनं सांगते, कारण तेव्हा दर कोऱ्या आठवड्याला एक पुस्तक डोक्यावर चढत होतं. आता वहीत नुसती बाकी दिसत होती, आणि बाकी दिसली म्हणून भाऊजी घाबरत नाहीत, बाकी ते आयुष्यभर बघत आलेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून पुस्तक काढलं. महिन्यात 265 पानं झाली.

वर्षाची जमा 2,079. नऊपैकी सात पुस्तकं पूर्ण. एक 40 पानांवर बंद केलं, त्याची 140 पानं बुडीत. नववं अर्ध्यात, 121 पानं बाकी. आता कोणी म्हणेल की आधीच्या वर्षी 14 पुस्तकं आणि यंदा 7, म्हणजे निम्मीच की. पानांनीही बघितलं तर 1,680 वरनं 2,079, फार मोठी उडी नाही. ते मान्य आहे. पण 2024 च्या 14 पैकी एकाबद्दलही भाऊजी कधी जेवताना बोलले नाहीत, आणि 2025 च्या सातांबद्दल घरात इतकं बोलणं झालं की माझ्या पुतणीनं, नववीत आहे ती, कुरुंदकरांचा एक निबंध स्वतः मागून घेतला. निम्मा समजला नाही म्हणाली, पण आबांच्या "खरं?" लिहिलेल्या ओळीवर बापलेक अर्धा तास भांडत होते.

त्या इतिहासाच्या पुस्तकाचं सांगायचं राहिलं. 38 व्या पानावर घडी होती तेच. ते डिसेंबरमध्ये संपलं. शेवटचं पान उलटलं तर आतल्या कोऱ्या पानावर खाली आबांचं अक्षर होतं, पेन्सिलचं, पुसट झालेलं: "वाचून झाले. 9-4-1973. विहीर आटली."

1972 चा दुष्काळ. आमच्या घरात त्या वर्षाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, मिलोची भाकर, दुष्काळी कामावरची खडी, बैल विकले ते. त्या उन्हाळ्यात आबा हे एवढं जाड पुस्तक वाचत होते हे कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनासुद्धा. त्यांना दाखवलं तर त्या पुस्तक मांडीवर घेऊन कितीतरी वेळ त्या ओळीवरनं बोट फिरवत राहिल्या, त्यांना वाचता येत नाही.

भाऊजींनी गल्ल्यातली पेन्सिल आणली आणि त्याच्या खाली लिहिलं: "वाचून झालं. 21-12-2025. सोयाबीन गेलं. तूर बरी आहे."

2026

वही तीच आहे, पान नवीन काढलंय. यंदा पेटीतली आणखी 8 पुस्तकं घेतलीत. 16 मे ते 31 जुलै परत शून्य, यावर यंदा मी काही बोलले नाही. ऑक्टोबरला मी तीनचं एक पान करायला सांगितलं, ते त्यांनी ऐकलं. सोमवारच्या दुपारचा रकाना आता आधीच आखून ठेवलाय आणि बाकड्याशेजारी अजून दोन खुर्च्या आणून ठेवल्यात. दासबोध यंदा सासूबाईंना वाचून दाखवायचा आहे, रोज एक समास, संध्याकाळी दिवा लावल्यावर, तो वहीत धरायचा की नाही यावर अजून ठरलेलं नाही, भाऊजी म्हणतात नको, ते आईचं खातं वेगळं.

पानाच्या अगदी वरती, 1 जानेवारीच्या आधी, पहिली ओळ त्यांनी घातलीय: मागील बाकी 121.